मास्तरांचं बेचाळिसावं पान

वाद पेटला तो एका विशेषणावरून. 'प्रवाही'.

समीक्षकांनी नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेची सुरुवातच तशी केली होती: 'मास्तरांची प्रवाही शैली हीच त्यांची खरी विद्या.' मास्तरांच्या मुलीने त्या एका शब्दाभोवती पेनाने गोल काढून कागद परत पाठवला. गोल इतका दाबून काढला होता, की कागद पलीकडून फाटला होता. खाली लिहिलं होतं: 'माझे वडील असं लिहीत नव्हते. असं बोलतही नव्हते. पुस्तक आहे तसं परत छापू नका.'

प्रकाशनाच्या धाकट्या मालकांनी तो कागद आणून संपादक ताईंच्या टेबलावर ठेवला. वडील, म्हणजे मोठे मालक, गेल्यापासून प्रकाशनाचा सगळा गाडा त्यांच्याच गळ्यात होता. पुस्तकांची त्यांना माया होती, पण भांडणांची धास्ती जास्त होती.

"ताई, आता काय करायचं? एक म्हणतो शैली म्हणजे सोनं, दुसरी म्हणते शैली खोटी. तुम्हीच केलं होतं ना हे पुस्तक तेव्हा?"

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "केलं म्हणजे काय," त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन तपासलं होतं."

एकवीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या. आता ते खोटं इतकं गुळगुळीत झालं होतं, की जिभेवरून आपोआप घसरायचं.

कार्यालयात पाठीमागे त्यांना सगळे 'खोडरबर' म्हणत. ताईंच्या हाताखालून गेलेल्या लेखात एक शब्द जास्तीचा सापडेल तर शपथ. लेखक घाबरत, आणि पुस्तक छापून आलं की पेढे मिळाल्यासारखे हसत यायचे. ताईंना कामाचा अभिमान होता. फक्त एका पुस्तकाचं नाव निघालं की त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी यायची. ते पुस्तक म्हणजे मास्तरांचं 'सोडवण'.

मास्तर विद्या शिकवत ती मारण्याची नव्हे, सुटण्याची. कुणी मनगट धरलं, केस धरले, मागून गळा आवळला, तर त्या तावडीतून स्वतःला कसं सोडवायचं. टायरच्या गोदामावरच्या लांबलचक हॉलमध्ये पन्नास वर्षं त्यांनी तेवढं एकच शिकवलं. उतारवयात शिष्यांनी गळ घातली म्हणून लिहायला बसले. लिहिलं ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, शिसपेन्सिलीने. त्या कागदांची चळत प्रकाशनात आली तेव्हा ताई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि नोकरीला लागून चार महिने झाले होते.

पहिलं पान वाचूनच त्यांनी कपाळाला हात लावला होता. ही काय भाषा? चार शब्द, पूर्णविराम. दोन शब्द, पूर्णविराम. आणि दर तिसऱ्या ओळीला 'थांबा'. 'हात धरा. थांबा. बोटं मोजा. थांबा.' एका पानावर हा शब्द अकरा वेळा आला होता. ताईंनी मोजला होता, कारण हसायला येत होतं. मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली. त्यांना कविता लिहायच्या होत्या आणि कुणी छापत नव्हतं, हेही सांगायला हवं. तीन महिने त्या रोज घरी जाऊनही त्याच पुस्तकावर बसत. तुटक्या वाक्यांचे सांधे जुळवले, 'थांबा' झाडून सारे काढले, जागोजागी आपल्या पदरच्या उपमा पेरल्या. काम झालं तेव्हा मोठ्या मालकांनी पाठ थोपटली. "पोरी, दगडाला पाझर फोडलास."

पुस्तक गाजलं. ज्यांनी आयुष्यात कुणाचं मनगट धरलं नव्हतं तेही वाचू लागले. तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेल्या समीक्षकांनी लांबलचक लेख लिहिला, 'एका लढवय्याचं काव्य'. त्या लेखावर त्यांचं नाव झालं. ताईंनी तो कापून बॅगेत ठेवला होता आणि दिवसातून दोनदा काढून वाचत होत्या.

मग एके दुपारी मास्तर स्वतः आले.

दाराशेजारच्या बाकावर बसले, गुडघ्यांवर पुस्तक, त्यावर दोन्ही हात. ताईंनी पाणी दिलं. त्यांनी ते सावकाश, तीन घोटांत, मध्ये थांबत थांबत प्यायलं. मग म्हणाले, "वाचलं. छान आहे."

"तुम्हाला आवडलं?" ताईंचं काळीज सुपाएवढं झालं.

"वाचायला फार छान आहे. कुणी लिहिलंय?"

ताई गोंधळल्या. "असं काय विचारता, मास्तर? तुम्हीच लिहिलंय."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधल्यासारखं, तोलल्यासारखं. मग मोठा श्वास सोडला, उठले, "बरं" म्हणाले आणि जिना उतरून गेले. चार महिन्यांत वारले.

आणि त्यानंतर पंधरवड्याने ते पत्र आलं. पाकिटावर मास्तरांचं नाव, प्रकाशनाचा पत्ता. मास्तर तर गेलेले, म्हणून टपाल ताईंनी फोडलं.

एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहिलं होतं. तो आणि त्याचा सोळा वर्षांचा धाकटा भाऊ पुस्तक वाचून गच्चीवर सराव करायचे. बेचाळिसाव्या पानावर मागून गळ्याला पडलेला विळखा सोडवण्याचा डाव आहे. भावाने मागून धरलं, याने पुस्तकात सांगितलं तसंच केलं, एका लयीत. भावाचा हात खांद्यातून गेला. आतल्या नसा तुटल्या. डॉक्टर म्हणतात हात पुन्हा चालणार नाही. 'मास्तर, मी तुम्हाला दोष देत नाही. पुस्तक मला पाठ आहे. फक्त एवढंच विचारायचं आहे. माझं काय चुकलं? मी घाई केली का? मध्ये कुठे थांबायचं होतं का? कृपा करून उत्तर पाठवा. मी वाट बघतो.'

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. कारण मास्तरांनी कॅलेंडरच्या मागे काय लिहिलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. 'हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीत वळवा. थांबा. त्याचा श्वास ऐका. सुटला? नसेल तर थांबा. सुटला की खांदा टाका.' छाती भरलेली असताना माणसाचा खांदा लाकडासारखा ताठ असतो, श्वास सोडला की सैल पडतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. ताईंना ते वाक्य रखरखीत वाटलं होतं. त्यांनी छापलं होतं: 'हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीत वळवता वळवता, त्याच्या श्वासाच्या लयीवर स्वार होऊन, ओल्या फांदीवरून पान गळावं तसा खांदा अलगद टाका.'

त्या वाक्याचा त्यांना सगळ्यात जास्त गर्व होता.

उत्तर लिहायला त्या सात वेळा बसल्या. सातही कागद फाडले. मग पत्र खालच्या खणात, जुन्या शब्दकोशांखाली सारलं आणि काखा वर केल्या. मास्तर नाहीत, आता उत्तर कोण देणार? लोकांना नुसतं समजलं असतं तरी नोकरी गेली असती. असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

पण तेव्हापासून तो श्वास सुरू झाला.

वाक्य दुरुस्त करायला त्यांनी पेन्सिल टेकवली, की डाव्या कानामागे कुणीतरी श्वास सोडायचं. मोठा, सावकाश, त्या बाकावरच्यासारखा. सुरुवातीला त्या दचकून वळत. मागे भिंत आणि भिंतीवर छापखान्याचं वेळापत्रक. मग वळणं सोडलं. शब्द खोडायचा आणि श्वास ऐकायचा, दोन्हींची सवय झाली. दुपारी दार उघडलं की आलेल्या माणसाआधी त्यांना बाक दिसायचा, आणि बाकावर गुडघे, आणि गुडघ्यांवर हात. रस्ता ओलांडताना त्या मध्येच उभ्या राहत. जिन्यात उभ्या राहत. भाजी चिरताना सुरी वर धरून तशाच. नवरा गमत्या होता. "तुला कुणी स्टॅच्यू म्हणालंय का गं?" तो विचारायचा. "मग मीच 'ओव्हर' म्हणतो, चल." त्या हसायच्या. त्यालाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

*

धाकट्या मालकांनी शेवटी दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.

समीक्षक आले ते पासष्टीचे, नीटनेटके, काखेत 'सोडवण'ची पहिली आवृत्ती, जिच्यात कागदाच्या पट्ट्यांची शेती उगवली होती. मास्तरांची मुलगी आली ती थेट हॉलवरून. पन्नाशीची, आखूड केसांची, बसली तरी पाठ खुर्चीला न टेकवणारी. वडिलांचा हॉल आता तीच चालवत होती. ताई टेबलाच्या टोकाला वही उघडून बसल्या. नोंदी करायला, असं म्हणाल्या.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," समीक्षकांनी आवाज मऊ ठेवला. "मुलीला वडील घरातले आठवतात. पण बाई, लेखक हा घरातल्या माणसाहून निराळा असतो. बोलताना तुटक बोलणारा माणूस लिहिताना मोकळा होतो, अशी कितीतरी उदाहरणं आहेत."

"बाबा लिहितानाही तुटकच लिहायचे. घरी चिठ्ठी ठेवायचे, 'दूध संपलं. आण.'"

"दुधाची चिठ्ठी आणि ग्रंथ यांत फरक आहे हो!"

"बाबांच्या लेखी नव्हता."

धाकटे मालक खाकरले. समीक्षकांनी पुस्तक उघडलं, पट्टी काढली आणि वाचू लागले. वाचत छान होते. ओल्या फांदीचं ते वाक्य खोलीत असं पसरलं, की धाकट्या मालकांनी नकळत मान डोलावली. ताईंनी मात्र वहीत बघत पेन घट्ट धरलं. एकवीस वर्षांत ते वाक्य कुणी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं नव्हतं.

"सांगा आता," समीक्षक म्हणाले. "या एका वाक्यावरून मी सगळी लढाईची पुस्तकं ओवाळून टाकीन. हे ज्याने लिहिलं तो कवी होता."

"असेल," मुलगी म्हणाली. "पण त्याला कधी कुणी गळ्याला धरलेलं नव्हतं."

"म्हणजे?"

ती उठली, खुर्ची सरकवली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. "मला मागून धरा. गळ्याला. लाजू नका, मी रोज वीस जणांना धरायला लावते."

समीक्षकांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खांदे उडवले. समीक्षक उठले, आणि फुलदाणी उचलावी तसा हात तिच्या गळ्याभोवती टाकला.

"घट्ट. तेवढ्याने मांजरही सुटेल. हां, असं. आता मालक, तुम्ही ते वाक्य वाचा. सावकाश. वाक्य सांगेल तसंच मी करणार, कमी नाही की जास्त नाही. बघू तरी शैली कशी प्रवाही आहे ती."

धाकट्या मालकांना गंमत वाटली. त्यांनी पुस्तक ओढलं. "हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीत वळवता वळवता..."

तिची हनुवटी वळली. ताईंनी वर पाहिलं. समीक्षकांची छाती फुगलेली होती. अवघडून त्यांनी श्वास कोंडला होता. दंड लाकडासारखा ताठ.

"...त्याच्या श्वासाच्या लयीवर स्वार होऊन, ओल्या फांदीवरून..."

तिचा खांदा खाली येऊ लागला.

"थांबा!"

खुर्ची मागे पडली. ताई उभ्या होत्या, दोन्ही हात पुढे केलेले, तोंड उघडं. कार्यालयात बाहेर बसलेली माणसंसुद्धा दारात आली. ताईंचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

मुलीने समीक्षकांचा हात हलकेच गळ्यावरून काढला. ते दंड चोळत खाली बसले. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती ताईंकडे बघत होती.

"मी थांबलेच होते," ती म्हणाली. "मला माहीत आहे कुठे थांबायचं. पण पुस्तकात तर ते कुठेच नाही. तुम्हाला कसं माहीत?"

ताईंना डाव्या कानामागे श्वास ऐकू आला. या वेळी पेन्सिल हातात नव्हती. त्या बोलू लागल्या.

सगळं सांगितलं. कॅलेंडरचे कागद, लाल पेन्सिल, अकरा वेळा आलेला शब्द आणि आपलं हसणं. बाकावरचे मास्तर. मग आपल्या टेबलाकडे गेल्या, खालचा खण उपसला आणि पत्र आणून मुलीच्या हातात दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"बाबांना कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक बदललंय ते. शिष्यांना जेवढ्या प्रती दिल्या, तेवढ्यांत त्यांनी पेन्सिलीने स्वतः 'थांबा' लिहिलं. रात्रंदिवस तेच करत बसायचे. दोनशे प्रती तरी असतील. मी म्हटलं, बाबा, प्रकाशकाकडे जाऊन भांडा ना. तेव्हा ते इथे येऊन गेले. परत आले आणि म्हणाले, तिथे एक नवी पोर आहे. तिनेच केलंय बहुतेक, पण जीव ओतून केलंय. मी बोललो तर तिला काढून टाकतील. पुढच्या आवृत्तीला बघू. त्याआधीच ते गेले, आणि ती आवृत्ती निघतेय ती आता."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांना ते पुसायचंही सुचेना.

"पण हे," मुलीने पत्र वर केलं, "हे त्यांच्या हयातीत आलं असतं, तर ते सरपटत गेले असते त्या पोरांकडे. आणि तुम्ही खणात ठेवलंत. वाक्याचं मी एकवेळ समजू शकते. याचं नाही समजू शकत. माफी वगैरे माझ्याकडे मागू नका, ती द्यायचा हक्क माझा नाही."

समीक्षक पुस्तक मिटून बसले होते. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. आयुष्यभर ज्याच्या शैलीवर लिहिलं, व्याख्यानं दिली, तो लेखक समोर रडत उभा होता. निघताना ते ताईंपाशी थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "चूक की बरोबर ते तुम्ही बघा. पण वाक्य तुमचंच चांगलं होतं. हे मी मागे घेणार नाही."

ताईंना वाटलं, याहून त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

*

पाकिटावरचा पत्ता वीस वर्षांपूर्वीचा. तरी ताई गेल्या. घर तेच होतं, दुमजली, खाली चपला दुरुस्त करण्याचं दुकान. दुकानात एक छत्तीस-सदतीस वर्षांचा माणूस गुडघ्यांत बूट धरून डाव्या हाताने टाके घालत होता. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला घेतल्यासारखा.

ताईंनी पिशवीतून पत्र काढून पुढे केलं. त्याने अक्षर ओळखलं. बूट खाली ठेवला.

"बसा," तो म्हणाला.

ताईंनी सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे दादाची चूक नव्हती."

"नव्हती. त्याने पुस्तकात होतं तसंच केलं. पुस्तकच चुकीचं होतं. माझ्यामुळे."

"माझ्या हाताचं राहू द्या, बाई. हात गेला, मी डावा शिकलो. सोळाव्या वर्षी माणूस काहीही शिकतो. पण दादा..." त्याने दुकानाच्या पायरीकडे बोट केलं. "पोस्टमन यायच्या वेळी तो तिथे बसायचा. वर्षभर बसला. मी म्हणायचो, दादा, मोठी माणसं, असतील कामात. तो म्हणायचा, नाही रे, उत्तर आलं नाही म्हणजे चूक माझीच. मग ट्रकवर गेला. लांबच्या पल्ल्याच्या गाड्या चालवतो. घरी येतो, आईच्या पाया पडतो, ते पण लांबून. लग्न झालं, मुलगी झाली. त्याने तिला कधी उचलून घेतलं नाही. एकदाही नाही. वहिनी आधी रडायची, आता विचारत नाही. म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही."

दुकानात चामड्याचा आणि गोंदाचा वास भरला होता. तो माणूस उठला, त्यांना पाणी दिलं आणि एका कागदावर डाव्या हाताने नंबर लिहिला.

"माझ्याकडून ऐकलं तर त्याला वाटेल मी समजूत काढतोय. वीस वर्षं काढतोच आहे. तुम्ही सांगा."

ताईंनी फोन लावला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यालयातल्या बाकावर बसून. पलीकडे इंजिनाची घरघर होती. त्यांनी आपण कोण ते सांगितलं, पत्राचं सांगितलं. "थांबा, गाडी बाजूला घेतो," तो म्हणाला. घरघर बंद झाली.

"मास्तरांनी काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं. "मूळचं?"

ताईंनी वाचलं. समोर कागद होता, पण कागदाची गरज नव्हती. 'हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीत वळवा. थांबा. त्याचा श्वास ऐका. सुटला? नसेल तर थांबा. सुटला की खांदा टाका.'

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा वाचताना तो पुटपुटत सोबत म्हणत होता. वीस वर्षं जे वाक्य पाठ होतं ते पुसून त्यावर दुसरं लिहीत असल्यासारखा.

"तुम्ही तेव्हा एक ओळ कळवली असती तर," तो म्हणाला. एवढंच. वाक्य त्याने पुरं केलं नाही, आणि ताईंना ते पुरं करण्याचा अधिकार नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग त्याने विचारलं, "उद्या याच वेळेला वाचाल का परत?"

"वाचेन."

*

'सोडवण'ची नवी आवृत्ती मास्तरांच्या शब्दांत निघाली. मुलीच्या ट्रंकेत निम्मे कागद मिळाले. उरलेलं पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या प्रतींवरून आणि शिष्यांच्या तोंडून गोळा करावं लागलं. सुरुवातीला ताईंनी स्वतःचं निवेदन घातलं, काय केलं ते स्पष्ट लिहून. राजीनामाही दिला होता. धाकट्या मालकांनी तो पुस्तक पूर्ण होईपर्यंत घेतला नाही, आणि पूर्ण झाल्यावर मात्र मुकाट्याने घेतला. समीक्षकांनी प्रस्तावना परत मागितली. वाचकांची पत्रं आली ती दोन्हीकडची. हॉलमध्ये शिकणाऱ्यांनी लिहिलं, आता कुठे पुस्तक हाताला लागतंय. बाकीच्यांनी लिहिलं, कसल्या या लाकडी ओळी, आमचं जुनं पुस्तक परत द्या. एका बाईने लिहिलं की ओल्या फांदीचं वाक्य तिने आईच्या आजारपणात उशाशी ठेवलं होतं आणि ते काढून टाकणाऱ्याला कधी क्षमा मिळू नये. ताईंनी ते पत्र वाचलं आणि त्याच दिवशी उत्तर धाडलं.

श्वास गेला नाही. नोकरी सुटली, पेन्सिल सुटली, तरी तो कानामागे येतोच. भांडी विसळताना, वर्तमानपत्र वाचताना. नवऱ्याला त्यांनी आता सगळं सांगितलंय. तो 'ओव्हर' म्हणायचा थांबला. त्या मध्येच उभ्या राहिल्या की तोही शेजारी येऊन उभा राहतो.

दुपारी तीनला मात्र त्या फोन लावतात. तो कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला गाडी लावून ऐकतो. बेचाळिसावं पान झाल्यावर एकदा म्हणाला, पुढचं वाचा. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. स्वतःविषयी तो बोलत नाही, त्या विचारत नाहीत. एकदाच, सुट्टीवर घरी असताना, मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, कोण आहे?"

"पुस्तकवाल्या बाई आहेत," तो म्हणाला. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाला, "अकरा वर्षांची झाली ती. उचलून घ्यायचं वय गेलं आता."

ताईंचं बोट पानावरच्या ओळीवर थांबलं.

"वाचा तुम्ही," तो म्हणाला. "ऐकतोय मी."

त्यांनी पान उलटलं आणि वाचायला सुरुवात केली.